जलमार्गांचे बँकॉक

चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावरील राजप्रासाद आणि पश्चिमतीरावरील वाट अरुण या बौद्ध मंदिराचे उत्तुंग शिखर यांच्यामधून जो विस्तीर्ण, गढूळ आणि वेगवान ओघ आज वाहताना दिसतो, तो नदीचा मूळ प्रवाह नव्हे. सोळाव्या शतकात अयुथयेच्या गादीवर असलेल्या राजा चैराचाने, समुद्राकडून राजधानीकडे येणाऱ्या गलबतांचा लांबलचक वळसा वाचावा या हेतूने, नदीच्या एका मोठ्या वळणाची दोन टोके जोडणारा दोन-तीन किलोमीटरांचा आडवा कालवा खणविला. त्या कालव्याने काळाच्या ओघात नदीचे सारे पाणी आपल्याकडे ओढून घेतले, तो रुंदावत रुंदावत स्वतःच नदी झाला, आणि मूळ नदी मात्र बँकॉक नोई व बँकॉक याई या दोन कालव्यांच्या रूपाने थोनबुरीच्या वस्तीमागे अरुंद होऊन उरली. ज्या शहराची नदीदेखील मनुष्याच्या कुदळीने घडविलेली आहे, त्या शहराचा इतिहास त्याच्या रस्त्यांवरून वाचू जाणे व्यर्थ होय. तो वाचावा लागतो पाण्यावरून.

आम्ही उभयता या नगरीत प्रथम आलो ते ऐन एप्रिलमध्ये, म्हणजे सयामी लोकांचे नववर्ष तोंडावर आलेले असताना आणि वर्षातला सर्वांत प्रखर उन्हाळा चालू असताना. सकाळी नऊ वाजताच पदपथ तापत, वाहनांच्या रांगा चौकाचौकांत खोळंबून उभ्या राहत, आणि डोक्यावरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या सावलीतून चालतानाही अंगावरील वस्त्रे घामाने भिजून जात. अशा शहरात नवख्या माणसाने स्वाभाविकच वातानुकूलित दुकानांचा आश्रय घ्यावा; परंतु इतिहासाची आवड आम्हा दोघांनाही असल्यामुळे आम्ही असे ठरविले की, जे पाणी सर्वांत जुने त्यावरून प्रथम जावे, त्यानंतर खणलेल्या पाण्यावर त्यानंतर जावे, आणि अशा रीतीने शहर ज्या क्रमाने वाढले त्याच क्रमाने ते पाहावे. या संकल्पामुळे आमचे सुरुवातीचे दिवस उन्हातही सुसह्य झालेच, शिवाय जे शहर प्रथमदर्शनी केवळ कोलाहल वाटले होते त्यात एक सुसंगत रचना आहे, हेही हळूहळू उमगत गेले.

सर्वांत जुने पाणी म्हणजे अर्थातच थोनबुरीकडील मूळ नदीचे. अयुथयेच्या राजवटीत बँकॉक हे राजधानीच्या वाटेवरील एक जकातनाका आणि किल्ल्याचे ठिकाण होते. वर जाणाऱ्या परदेशी जहाजांची येथे तपासणी होई. सतराव्या शतकाच्या अखेरीस काही काळ येथे फ्रेंचांची शिबंदीही येऊन बसली होती. परंतु १६८८ साली अयुथयेत राज्यक्रांती झाली, सयामी सैन्याने किल्ल्यास वेढा घातला, आणि फ्रेंचांना देश सोडावा लागला. पुढे एप्रिल १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथया जिंकून जाळली, चारशेहून अधिक वर्षांचे राजनगर भस्मसात झाले, आणि उद्ध्वस्त रयतेस पुन्हा एकत्र करणाऱ्या सेनानी ताकसिनने आपली गादी मांडली ती या जुन्या जकातनाक्यावर, नदीच्या पश्चिमतीरावर, थोनबुरीस. समुद्राजवळ असल्यामुळे येथे चिनी व्यापाऱ्यांचा तांदूळ सहज पोहोचे, आणि प्रसंग पडल्यास जलमार्गाने निसटून जाणेही शक्य होते. निर्वासितांच्या राजाने जागा निवडली ती अशी व्यवहाराची दृष्टी ठेवून.

लांब शेपटीच्या मोटारबोटीतून बँकॉक याईच्या कालव्यात शिरल्यावर माझ्या पत्नीने जी गोष्ट प्रथम हेरली, ती पुढे आमच्या सर्व भ्रमंतीची किल्ली ठरली. ती म्हणाली, "पाहिलंत का, पाण्यावरून गेलं की घरं आपल्याकडे तोंड करून उभी असतात, काल रस्त्यानं आलो तेव्हा त्यांची पाठ दिसत होती." आणि खरोखरच, पायऱ्या पाण्याकडे, ओसरी पाण्याकडे, फुलांच्या कुंड्या पाण्याकडे, छोटे देव्हारे पाण्याकडे, विहारांचे घाटावरील मंडपही पाण्याच्याच कडेला, जेथे एके काळी नावेतून आलेला भाविक उतरत असे. नवीन रस्ते या घरांच्या मागून नंतर आले. बँकॉक नोईच्या काठी राजनौकांचे संग्रहालय आहे. तेथील १९११ साली पाण्यात उतरविलेली, हंसमुखी नाळ असलेली सुमारे ४६ मीटर लांबीची नौका आणि तिच्याशेजारील गरुडारूढ नारायणाची नौका पाहिल्यावर हे ध्यानात येते की, या देशात राजाची मिरवणूकदेखील हत्तीच्या अंबारीइतकीच नौकेतून शोभत असे, कारण प्रजा काठाकाठाने राहत होती.

ताकसिनची सत्ता पंधरा वर्षांत संपली. १७८२ च्या एप्रिलमध्ये त्याचा सेनापती चाओ फ्राया चक्री सिंहासनावर आला, तोच आजही राज्यावर असलेल्या चक्री घराण्याचा संस्थापक, पहिला राम. त्याने राजधानी नदीच्या पश्चिमतीरावरून पूर्वतीरावर हलविली, कारण पूर्वेस पसरलेल्या दलदलीमुळे शत्रूस तिकडून येणे अवघड होते आणि पश्चिमेकडून येणाऱ्या ब्रह्मी सैन्याच्या आड नदी येत होती. २१ एप्रिल १७८२ रोजी नगरस्तंभाची स्थापना झाली. त्यानंतर ताकसिनच्या काळच्या खंदकाच्या बाहेरून दुसरा, अधिक मोठा खंदक खणण्याचा हुकूम सुटला. तो सुमारे ७ किलोमीटर लांबीचा कालवा, ज्याच्या उत्तर भागास बांगलम्फू आणि दक्षिण भागास ओंग आंग म्हणतात, आजही अखंड आहे. त्याच्या आतील बाजूने तटबंदी उभी राहिली, तीत चौदा बुरूज बांधले गेले, आणि या बांधकामासाठी लागलेल्या विटा उद्ध्वस्त अयुथयेच्या भिंती पाडून नावांतून खाली आणल्या गेल्या. जुन्या राजधानीच्या देहातूनच नव्या राजधानीचा देह घडला, असे येथे अक्षरशः म्हणता येते.

हे अवाढव्य काम कोणी केले, हेही सयामी राजतवारिखेत नोंदलेले आहे. खंदक खणण्यासाठी दहा हजार ख्मेर माणसे लावली गेली आणि तट उभारण्यासाठी व्हिएन्तियानच्या मुलुखातून पाच हजार लाओ आणविले गेले. हे लोक बहुतांशी युद्धांत पाडाव केलेले होते. आणि खुद्द सयामी रयतही वर्षातील ठराविक महिने सरकारच्या वेठीस बांधलेली असे. फ्रा सुमेन आणि महाकान हे दोन बुरूज तेवढे आज चौदांपैकी शिल्लक आहेत. त्यांचा पांढरा गिलावा उन्हात झगमगताना पाहून प्रवासी छायाचित्रे घेतात, ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या पायथ्याशी वाहणाऱ्या त्या निमूट पाण्याकडेही क्षणभर पाहावे, कारण राजांची नावे दगडावर कोरली गेली आणि खणणाऱ्यांचे स्मारक म्हणून केवळ तो कालवा उरला.

राजप्रासादासाठी जी जागा निवडली गेली, ती मोकळी नव्हती. तेथे चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. राजाज्ञेने ती वस्ती तटाबाहेर, दक्षिणेस, सांपेंग येथे हलविली गेली, आणि विस्थापितांच्या या पेठेतूनच पुढे साऱ्या शहराचा व्यापार उभा राहिला. सांपेंगची गल्ली इतकी अरुंद आहे की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या म्हणजे पायी चालणाऱ्यास दुकानाच्या उंबरठ्यावर चढावे लागते. रिबिनी, बटणे, चपला, खेळणी, मणी यांच्या राशींमधून घामाघूम हमाल आवाज देत वाट काढतात, आणि या गर्दीत दुपारची वेळ काढणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी उभे राहण्यासारखे आहे. तथापि या गल्लीचे एक अंग नदीच्या धक्क्याशी आणि दुसरे कालव्याशी भिडलेले आहे, हे नकाशावर पाहिले म्हणजे तिचे रहस्य उलगडते: माल पाण्याने येई, पाण्यानेच जाई, आणि गल्ली म्हणजे केवळ दोन पाण्यांमधली दुकानांची ओळ होती. तिसऱ्या रामाच्या कारकीर्दीत सरकारी उत्पन्नाचा मोठा हिस्सा चिनी मक्तेदारांकडून वसूल होऊ लागला. मद्य, जुगार यांचे मक्ते त्यांनी घेतले आणि दरबारी पदव्याही मिळविल्या. शेजारचा याओवारात रस्ता १८९१ नंतर आखला गेला, तो वाटेतील मालमत्ता टाळत वळणे घेत गेला, आणि सोन्याच्या पेढ्यांनी व भोजनगृहांनी आज रात्री उजळून निघतो. परंतु मूळ सांपेंग त्याच्या मागे, अंधाऱ्या गल्लीतच आहे.

तिसऱ्या रामाच्याच काळातला सेन सेप कालवा पाहण्यासाठी आम्ही महाकान बुरुजापाशी बोटीत बसलो. अन्नामशी, म्हणजे आजच्या व्हिएतनामशी, चाललेल्या युद्धात कंबोडियाच्या आघाडीवर सैन्य आणि दारूगोळा त्वरेने पोहोचविता यावा म्हणून १८३७ ते १८४० या काळात हा कालवा खणला गेला. तो पूर्वेकडे सुमारे ७२ किलोमीटर जाऊन बांग पाकोंग नदीस मिळतो. युद्ध संपले, मोहिमा विस्मृतीत गेल्या, आणि जो मार्ग तोफांसाठी होता तो भाताच्या नावांसाठी उपयोगी पडला. काठाकाठाने जंगल तुटले, खाचरे झाली, गावे वसली. शहरालगत याच पाण्याच्या कडेला बान ख्रुआ येथे चाम मुसलमानांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या स्त्रियांनी मागावर विणलेले रेशीम विसाव्या शतकाच्या मध्यास जिम थॉम्पसन या अमेरिकन व्यापाऱ्याने जगाच्या बाजारात नेले, आणि त्याने समोरच्या काठावर उभारलेले सागवानी घर आता संग्रहालय झाले आहे. १९९० पासून या कालव्यातून प्रवासी बोटी धावतात. कामावर निघालेली माणसे त्यांत दाटीने बसतात, काळे पाणी अंगावर उडू नये म्हणून कडेची ताडपत्री दोरीने वर ओढून धरतात, तिकीट देणारे शिरस्त्राण घालून बोटीच्या काठावरून फिरतात, आणि खुजे पूल आले की छत खाली उतरते. वरच्या रस्त्यावर ज्या अंतरास तास लागतो ते अंतर या बोटीत काही मिनिटांत कापले जाते. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सैन्याच्या सोयीसाठी काढलेली ही वाट आज कारकून, विद्यार्थी आणि दुकानातील मुली यांची वाट झाली आहे, आणि तिच्या अभियंत्यांना याहून श्रेष्ठ श्रेय मिळणे कठीण होते.

मग अशा शहरास रस्ते लागले कधी, आणि का? याचे उत्तर १८५५ च्या तहात आहे. इंग्रजांचा वकील सर जॉन बाउरिंग याने त्या वर्षी राजा मोंगकुट, म्हणजे चौथा राम, याच्याशी जो करार केला, त्याने आयात मालावरील जकात शेकडा ३ वर आणून ठेवली, राजाची व्यापारी मिरास संपविली, आणि तांदळाच्या निर्यातीची दारे उघडली. त्यापाठोपाठ नदीच्या दक्षिण भागात गोऱ्या वखारवाल्यांची व वकिलातींची वस्ती वाढली. तेथे पोर्तुगीजांची वकिलात १८२० पासूनच होती. या मंडळींना घोड्यावर बसून सायंकाळी हवा खाण्याची सवय; येथे तर दारापुढे पाणी. रस्ते नसल्यामुळे आम्ही आजारी पडतो, असा अर्ज परदेशी वकिलांनी राजाकडे केला, आणि त्यातून १८६२ ते १८६४ या काळात चारोन क्रुंग हा मार्ग तयार झाला. त्याआधी १८५७ च्या सुमारास, कालवा खणताना निघालेली माती एका काठावर लोटून सरळ रस्ता करण्याची युक्ती वापरली गेली होती; सिलोमचा रस्ताही तसाच कालव्याच्या मातीतून निघाला. म्हणजे बँकॉकचा रस्ता हे आरंभी कालव्याचेच अपत्य होते, आणि दोघे काही काळ शेजारी शेजारी सुखाने नांदले.

या नांदण्याचा तोल बिघडत गेला तो पाचव्या रामाच्या, चुलालोंगकोर्नच्या, दीर्घ कारकीर्दीपासून; आणि येथे आपल्या मुंबईचा उल्लेख करणे प्राप्त आहे. अठरा वर्षांचा हा तरुण राजा १८७२ च्या प्रारंभी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. कलकत्ता, दिल्ली, आग्रा, लखनौ या नगरांबरोबर त्याने मुंबईही पाहिली. त्या वेळी मुंबईचा जुना कोट पाडून झालेला होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर रुंद मार्ग व भव्य सरकारी इमारती उभ्या राहत होत्या. राजाने पाहिली ती ही नवी मुंबापुरी. पुढील चार दशकांत त्याने आपल्या राजधानीतील तटाचा बराच भाग पाडविला, वेठबिगार व दास्य टप्प्याटप्प्याने बंद केले, १८८८ मध्ये घोड्यांची ट्राम आणि १८९० च्या दशकात विजेची ट्राम सुरू होऊ दिली, आणि शतकाच्या संधिकाळात राचादाम्नोन हा राजमार्ग बांधविला. मुंबईशी दुसराही एक दुवा होता, तो लाकडाचा. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने उत्तर सयामच्या अरण्यांत सागाचे ठेके घेतले होते. तेथे तोडलेले ओंडके हत्ती ओढ्यांपर्यंत ओढीत, पावसाळ्यात ते नद्यांतून वाहत येत, आणि तराफे बांधून चाओ फ्रायाने बँकॉकच्या वखारींत पोहोचत. रस्ते आले, ट्राम आली, तरी देशाची खरी संपत्ती, भात आणि साग, अद्याप पाण्यावरूनच येत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र मोटारीने शहराचा ताबा घेतला. वाहनांस जागा हवी होती. आणि सर्वांत सोपी जागा म्हणजे रस्त्याशेजारचा कालवा, कारण तो सरकारचा होता व तेथून कोणास उठवावे लागत नव्हते. एकामागून एक जलमार्ग बुजविले गेले. जुन्या सरळ रस्त्याजवळचा कालवा १९४७ साली मातीखाली गेला, सिलोमचाही गेला, आणि ज्या शेकडो फांद्यांतून पावसाचे पाणी समुद्राकडे निघून जाई त्यांपैकी कित्येक बंद झाल्या. ट्रामही १९६८ साली थांबली. त्याच काळात वाढत्या लोकसंख्येस व कारखान्यांस पाणी पुरविण्यासाठी खोल विहिरींतून बेसुमार उपसा चालला होता. परिणामी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या पूर्व भागातील काही ठिकाणी जमीन वर्षास १० सेंटीमीटरपर्यंत खचू लागली. समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंचीवर असलेल्या शहरास हे परवडणारे नव्हते. १९८३ चा महापूर काही वस्त्यांत महिनोन् महिने ओसरला नाही, आणि २०११ मध्ये पुन्हा एकदा साऱ्या मध्य सयामचे पाणी बँकॉकच्या वेशीशी येऊन ठेपले. पाण्याची जागा माणसाने घेतली म्हणून पाणी नाहीसे होत नाही. ते रस्त्यावर येते.

कालवे बुजविल्याचा पश्चात्ताप उशिरा झाला असला, तरी झाला आहे, याची साक्ष आम्हास ओंग आंगच्या काठी मिळाली. पाहुरात ही हिंदी कापडवाल्यांची पेठ येथून अगदी जवळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागलेल्या एका आगीनंतर अन्नामी लोकांच्या जळालेल्या वस्तीवर पाहुरात रस्ता आखला गेला, आणि चुलालोंगकोर्नच्या अकाली निवर्तलेल्या कन्येचे नाव त्यास दिले गेले. पुढे तेथे शीख आणि इतर हिंदी व्यापाऱ्यांनी दुकाने मांडली, आणि त्यांच्या गुरुद्वाराचा सुवर्णघुमट आज दुरूनही दिसतो. साड्यांच्या ठाणांमधून आणि जिलेबीच्या वासातून बाहेर पडून आपण ओंग आंगवर येतो. वर्षानुवर्षे या कालव्यावर दुकानांचे छप्पर घातलेले होते आणि खाली पाणी आहे हे खुद्द गिऱ्हाइकांच्याही ध्यानात येत नसे. २०१५ नंतर ही दुकाने उठविली गेली, पाणी उघडे झाले, दोन्ही काठांस फरसबंदी झाली, आणि १७८३ साली वेठीच्या हातांनी खणलेल्या त्या खंदकाकाठी संध्याकाळी मुले खेळताना व वृद्ध दांपत्ये बाकावर बसलेली आम्ही पाहिली. दुकाने उठल्याने ज्यांचा रोजगार गेला त्यांचे दुःख खरे आहे, आणि त्यांची सोय लावणे हेही राज्यकर्त्यांचे कर्तव्यच. परंतु शहराने आपल्या जलमार्गास पुन्हा श्वास घेऊ दिला, ही गोष्ट मोलाची आहे यात शंका नाही.

आजकाल महाराष्ट्रातून बँकॉकला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतील पुष्कळ नवविवाहित जोडपी असतात. पहिले दिवस ती बहुधा दुकानांच्या उंच इमारतींत आणि वाहनांच्या गर्दीत घालवितात, व शहर फार उष्ण आहे, फार गजबजलेले आहे, एवढाच अभिप्राय घेऊन परततात. त्यांस माझी आग्रहाची विनंती आहे की, पहिल्या दिवशी पहाटे उठून नदीच्या कोणत्याही धक्क्यावर जावे, सामान्य प्रवाशांच्या बोटीत बसावे, थोनबुरीच्या कालव्यांतून, सेन सेपवरून आणि जुन्या खंदकाकाठाने हिंडावे, आणि मगच रस्त्यावर पाऊल टाकावे. हे शहर पाण्याने घडविले, पाण्याने पोसले, आणि पाण्याकडे पाठ फिरविल्याची शिक्षाही पाण्यानेच त्यास दिली. जे कालवे उरले आहेत तेच या राजधानीचे सर्वांत जुने आणि सर्वांत उपयुक्त वैभव आहे; त्यांचे रक्षण करणे हे तेथील कारभाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय, आणि त्यांना ओळखणे हे पाहुण्याचे.